तीन मुलखांचे पाणी

गोव्याहून परत आल्यापासून आळीतल्या बायका दुपारच्या येऊन बसतात आणि विचारतात, आगबोट आतून कशी असते, फिरंग्यांच्या गावात काय काय पाहिले, वाटेत माईंचे सोवळे कसे सांभाळले. चारचौघींत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. एक-दोन वाक्ये कशीबशी बोलते आणि सुपारी आणायच्या निमित्ताने आत जाते. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मालवणला मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या बळावर जमेल तसे लिहीन. पुढे आमची लेक चिमी वाचील, नाही तर माझ्या पेटीत राहील.

आमचे कुलदैवत गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा. घराणे कल्याणात येऊन पिढ्या लोटल्या. दरवर्षी देवीच्या नावाने नारळ वाढवायचा, एवढेच राहिले होते. सासूबाईंना, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, डोळे आहेत तोवर एकदा देवीचे मुख पाहायचे होते. एका डोळ्याची दृष्टी मोतीबिंदूने आधीच गेली होती आणि दुसऱ्यावर पडदा चढत चालला होता. पुढच्या वर्षाचा भरवसा वैद्य देईनात.

अडचण देवीची नव्हती, वाटेची होती. माई सोवळ्यातले सोडून काही खात नाहीत. पाणी विहिरीचे, घरच्या माणसाने ओढलेले. नळाच्या तोटीत कातड्याची चकती असते म्हणून मुंबईला गेल्या तरी नळाचे पाणी घेत नाहीत, मग आगबोटीवरचे कुठून घेणार? आणि उपास आता त्यांना सोसत नाही. गेल्या चातुर्मासात उपासाच्या दिवशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हापासून सगळ्यांनी धास्ती घेतली आहे.

माझे थोरले दीर, दादा, ठाण्याला कोर्टात आहेत. ते मुद्दाम येऊन सांगून गेले, “आगबोटीत माई थेंब घेणार नाही. देवीच्या पायाशी नेऊन तिला तिथेच ठेवून यायचंय का?” त्यांचे बोलणे कडू होते, पण खोटे नव्हते. आईवर त्यांचा फार जीव. माई मग दोन दिवस जपमाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीपुढे रांगोळी काढत होते. हात कसा वळला कोण जाणे, चौथीत नकाशावर बोट फिरवून शिकलेला किनारा उतरला. मुंबई, त्याखाली मुरूड, मग मालवण, पणजी. मागे सह्याद्रीची रेघ. मग जिथे जिथे माईंना चालेल अशी विहीर आहे, तिथे एकेक ठिपका ठेवला. पाठीमागून चिमीच्या वडिलांचे विचारणे झाले, “अगं, ही कसली रांगोळी?”

मी पुसायला गेले, पण इकडून हात धरला. मग सांगणे भाग पडले. एका दमात पणजीला जायचेच नाही. मुरुडाला माईंची धाकटी बहीण आहे, तिथे उतरायचे, राहायचे, रांधून जेवायचे, आणि पुढच्या आगबोटीने निघायचे. मग मालवण, माझे माहेर, तिथेही तसेच. मग पणजी आणि कवळे. तिथे देवळाला लागूनच यात्रेकरूंची अग्रशाळा असते आणि तिची विहीर. परतताना समुद्र नको. गोव्यातून घाट चढून येणारी नवी आगगाडी आहे. तिने बेळगावला इकडच्या शाळासोबत्यांकडे, तिथून पुणे, आणि बोरघाट उतरून घर. बोटीवर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, त्यांना पाण्याचा स्पर्श नाही. आणि प्यायला शहाळी.

“शहाळी?” इकडून हसून विचारले. “हे माईला तूच सांग.”

मी माजघराच्या दाराआडून सांगितले. माईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले.

“शहाळ्यातलं पाणी कोणाच्या विहिरीचं गं?”

मी म्हटले, “देवाच्या.”

माईंनी माळेचे दोन मणी ओढले. “चालेल,” म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती. भर दुपारी अंगणात माई चाचपडतात, तुळशीचा कट्टासुद्धा पायाने शोधतात. पण दिवेलागणीला, उजेड मऊ झाला की, माझ्या कपाळावरचे कुंकू फिसकटलेले त्यांना ओसरीवरून दिसते आणि त्या बोलूनही दाखवतात. म्हणून कवळ्याला दर्शन संध्याकाळी घ्यायचे, हे मी रांगोळीत न काढता ठरवले होते.

मुरूड

मार्गशीर्षात निघालो. आम्ही दोघे, माई आणि सहा वर्षांची चिमी. कल्याणहून आगगाडीने मुंबई आणि तिथून आगबोट. बोट हलू लागली तसा माईंनी माझा दंड धरला तो मुरुडापर्यंत सोडला नाही. इकडून शहाळे फोडून दिले, ते मात्र दोन्ही हातांनी प्यायल्या.

मुरूड जंजिऱ्याच्या नवाबाच्या राज्यात आहे. धक्क्यावर नवाबाचा हबशी शिपाई उभा होता. उंच, काळाभोर, केस लोकरीसारखे. चिमी त्याच्याकडे पाहतच राहिली. आम्हांला वाटले, हा कुठली भाषा बोलणार कोण जाणे. तो पुढे होऊन माईंना म्हणाला, “आजीबाय, पायरी बुळबुळीत हाय, कडेकडेनं या.” माई कडेकडेने चढल्या आणि वर आल्यावर त्याला त्याच्या आईचे कुशल विचारू लागल्या. माझी निम्मी धास्ती तेवढ्यानेच गेली.

मावशींचे घर सुपारीच्या बागेत. कल्याणात आम्ही पाण्यासाठी कळशी घेऊन चालत जातो. इथे विहीर मागच्या दाराशी, रहाट फिरला की पाणी पाटाने झाडापाशी आपले आपण चालत जाते. माई त्या पाटाशी पाय सोडून बसल्या. बहिणी बहिणी एकमेकींना जेवू घालत होत्या. मावशींकडे भातावर नारळाच्या दुधाची आमटी असते आणि ताकात आले ठेचून घालतात. आमच्याकडे ताकाला जिरे. माईंनी नावे ठेवत ठेवत दोनदा ताक मागून घेतले.

संध्याकाळी किनाऱ्यावरून जंजिरा पाहिला. समुद्रातूनच उगवल्यासारखा किल्ला, पायाशी लाटा फुटताहेत आणि बुरुजावर झाडे वाढलेली. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन, हे मी शाळेत घोकले होते. ते खरोखर तसे असते हे पाहून मला फार आनंद झाला. निघताना मावशींच्या विहिरीचे पाणी फिरकीच्या तांब्यात भरून झाकण घट्ट पिळले. शहाळीही घेतली, पण मोजकीच. पुढे मालवण आहे, तिथे वडिलांच्या परसात ढीग आहे, असे मीच म्हणाले.

मालवणसमोर

लग्नानंतर मी माहेरी दोनदाच गेले होते. बोट देवगडाच्या पुढे आली तशी मी चिमीची वेणी घातली, तिला परकर बदलला. वडिलांना पत्र गेले होते.

सकाळपासून वारा वाढला होता. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक फार. बोट दूर उभी राहते आणि पडाव येऊन उतारू नेतात. त्या दिवशी पडाव आले नाहीत. लाटा पाहून कप्तानाने बोट थांबवलीच नाही, शिटी दिली आणि पुढे काढली. कठड्याला धरून मी उभी राहिले. सिंधुदुर्गाचा तट सरकत गेला, मग किनाऱ्याचे माड. माड इतके दाट की घर दिसत नाही, पण कुठल्या माडांमागे आमचे घर आहे ते मला ठाऊक होते. शेंड्याशेंड्यांची चुडते वाऱ्याने एका बाजूला झाली होती. झावळीला आमच्याकडे चुडत म्हणतात. कल्याणला नवी आले तेव्हा हा शब्द तोंडातून गेला आणि पाणवठ्यावर महिनाभर हशा झाला. ‘आली चुडतवाली’ म्हणत. तेव्हापासून मी कमी बोलते.

माई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना तट दिसत नव्हता की माड. त्या म्हणाल्या, “गेलं का तुझं गाव?”

मी ‘हो’ म्हटले. शहाळे त्यांच्या हातात दिले तर म्हणाल्या, “आधी तू घे दोन घोट.” माझ्या उष्ट्याचे त्या कधी घेत नाहीत, म्हणून मला प्यायला निराळे फोडावे लागले असते, आणि शहाळी तर मोजकी. मी तहान नाही म्हणाले. पणजी येईपर्यंत शहाळी संपली. उरला मावशींचा तांब्या आणि दशम्यांचा डबा.

पणजी

नदीच्या मुखातून आत शिरताना दोन्ही तीरांवर इतके हिरवे की डोळे निवतात. पणजी पांढरी आहे, कौले लाल आणि देवळांच्या जागी घंटा टांगलेली पांढरी चर्चे. बायका झगे घालून छत्री घेऊन पुरुषांच्या बरोबरीने चालतात आणि कोणी वळून पाहत नाही. गरम पावाची टोपली घेऊन एक माणूस गेला. तो वास चिमीला आवडला, माईंनी पदर नाकाला लावला.

फिरंग्यांच्या राज्यात शिरताना जकातीच्या कचेरीत सामान दाखवावे लागते. आणि इथे माझी बांधाबांध अंगाशी आली. देवीच्या ओटीचे रेशमी लुगडे सोवळ्यातले, माईंच्या दशम्याही सोवळ्यातल्या. म्हणून मी दोन्ही एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, शुद्धाजवळ शुद्ध. लुगडे तळाशी, वर डबा आणि तांब्या. झाकण उघडताच रेशमाचा काठ चमकला. अंमलदार तिथलाच ख्रिस्ती, कोट घातलेला. त्याला रेशीम पाहायचे होते. तो पेटीत हात घालायला वाकला.

त्याचा हात डब्याला लागला असता तर माईंनी डबाही टाकला असता आणि पाणीही. सकाळपासून त्यांच्या पोटात अर्धी दशमी होती आणि कवळे अजून दिवसभराच्या वाटेवर होते. इकडून इंग्रजीत समजावून झाले, मग मराठीत. अंमलदार मान हलवी आणि आपल्या भाषेत काही म्हणे. माई बाकावर बसल्या होत्या. त्यांना दिसत नव्हते, पण काय चालले आहे ते कळले होते. त्यांचे ओठ पांढरे झाले होते.

तो बोलत होता ते मला समजत होते. ती कोकणी, आमच्या मालवणी बोलीचीच थोरली बहीण. कचेरीत पुरुषच पुरुष भरलेले. मी पदर पुढे ओढला आणि माझ्या माहेरच्या बोलीत, साहेब म्हणायचे तसे पात्रांव म्हणत, बोलले.

“पात्रांव, हात लावू नकात. म्हातारीचा सोवळ्याचा जेवण आसा. मी एकेक काढून दाखयतंय, तुमी बघा.”

सगळी कचेरी वळली. अंमलदार हात तसाच धरून माझ्याकडे पाहू लागला.

“तूं खंयची गो बाये?”

“मालवणची.”

तो हसला, चांगले मनापासून. म्हणाला, “म्हजी मांय लेगीत अशीच. रांदचेकुडींत कोणाक येवंक दिना.” म्हणजे त्याची आईही अशीच, स्वयंपाकघरात कोणाला पाऊल घालू देत नाही. ख्रिस्त्यांच्या घरातही माई असतात, हे मला ठाऊक नव्हते. मग त्याने हात पाठीमागे बांधले. मी डबा उचलून धरला, तांब्या उचलून धरला, लुगडे उलगडले. देवीचे आहे असे सांगताच त्याने डोक्यावरची टोपी काढली. पेटीवर बाहेरून खडूची खूण केली आणि आम्ही सुटलो.

बाहेर आल्यावर माईंनी आधी विचारले, खूण आतून नाही ना केली. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “इतकं खणखणीत बोलता येतं होय तुला? मग घरी काय दातखीळ बसते?” नदीकाठी बसून दशम्या खाताना इकडून सारखे माझ्याकडे पाहणे होत होते आणि मी चिमीचा परकर झाडत होते.

कवळे

पणजीहून होडीने बाणस्तारीपर्यंत गेलो. वाटेत नदीत बेटेच बेटे, एकावर भात कापलेला, दुसऱ्यावर माड. एका गावात रात्र काढून पुढे माईंना मचिलीत बसवले. मचील म्हणजे खांद्यावरून न्यायची झोळीसारखी पालखी. भोई चढावर हुंकार देत आणि माई आतून “हळू रे बाबांनो” म्हणत. दोन्हीकडे सुपारीच्या बागा, त्यांना इथे कुळागरे म्हणतात, थंडगार सावली आणि वाहत्या पाण्याचा आवाज.

कवळ्याला पोचलो तर ऊन डोक्यावर. पुजारी म्हणाले, गर्दी नाही, लगेच आत चला. माई आंघोळ उरकून लगेच निघायला उठल्या. इकडूनही चलाच म्हणणे झाले. मी म्हटले, संध्याकाळी. सगळे माझ्याकडे पाहू लागले. कारण सांगणे कठीण, माईंच्या डोळ्यांचे माईंसमोर कसे बोलायचे?

माई म्हणाल्या, “दाराशी येऊन ताटकळत ठेवतेस मला? देवीपेक्षा तू मोठी झालीस?”

मी तरी हलले नाही. अग्रशाळेच्या विहिरीचे पाणी ओढले, माईंना न्हाऊ घातले, भात रांधला. त्या रागाने जेवल्या, पण पोटभर जेवल्या. दुपारभर मी खांबाला टेकून बसले होते. संध्याकाळीही दिसले नाही, तर दादांना काय सांगायचे हा प्रश्न नव्हता. माईंना काय सांगायचे?

दिवेलागणीला चौघडा सुरू झाला. दीपमाळेवर एकेक पणती लागू लागली. मी माईंचा हात धरून आत नेले. चकचकीत खांबांवर दिव्यांचा पिवळा उजेड, आणि गाभाऱ्यात समयांमध्ये देवी. मी देवीकडे पाहिलेच नाही. मी माईंच्या तोंडाकडे पाहत होते.

बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, मान थोडी पुढे करून. मग कपाळाला आठी घातली. मला वाटले, काही दिसले नाही.

“भटजी,” माई म्हणाल्या, “देवीचं कुंकू जरा उजवीकडे ओघळलंय. तेवढं नीट करा.”

पुजारी दचकून वळले. खरेच, अभिषेकानंतर लावलेले कुंकू एका बाजूला उतरले होते. त्यांनी ते पुसून सारखे केले. माई म्हणाल्या, “हं. आता कसं.” आणि दोन्ही हात जोडले. मग त्यांनी देवीला डोळे भरून पाहिले, नथ पाहिली, ओटीचे लुगडे अंगावर चढले ते पाहिले आणि काठ शोभतो म्हणाल्या. इकडून उपरण्याने डोळे पुसणे झाले. मला हसू येत होते आणि रडूही.

परतताना अंधारात माईंनी माझा दंड धरला. “दुपारी नेलं असतंस तर नुसता झगझगाटच दिसला असता,” इतकेच म्हणाल्या. म्हणजे त्यांना सगळे कळले होते.

घाट

परतीला बैलगाडीने सावर्ड्याला येऊन आगगाडीत बसलो. गाडी रान चढू लागते, बोगद्यात शिरते, बाहेर येते, आणि एका वळणावर एकदम सगळे उतारू खिडकीकडे धावतात. तिथे दूधसागर आहे. डोंगराच्या माथ्यापासून रुळांच्या खालपर्यंत पाणी कोसळते आणि तुषार डब्यात येतात.

भर दुपार होती. माईंना नुसते पांढरे दिसले.

“सांग,” त्या म्हणाल्या. “काय आहे ते मला सांग.”

डबा माणसांनी भरला होता. मी सांगू लागले. माड उभा असतो तसा डोंगर, आणि शेंड्यापासून चुडते सुटावीत तसे पाणी, एक चुडत डावीकडे, एक उजवीकडे, मधली खाली येता येता विरून जातात आणि त्यांचा धूर होतो. बोलता बोलता लक्षात आले की डबा गप्प झाला आहे आणि समोरची कारवारची बाई खिडकी सोडून माझ्याकडे वळून ऐकते आहे. मी थांबले. माई म्हणाल्या, “थांबलीस का? खाली काय आहे?” मग मी खालपर्यंत सांगितले.

घाटमाथ्यावर फिरंगी मुलूख संपतो, पुन्हा जकात, पुन्हा पेट्या. या वेळी दशम्यांचा डबा वेगळ्या पेटीत होता.

कल्याण

स्टेशनावर दादा आले होते. माईंना स्वतःच्या पायांनी उतरताना पाहून ते भराभर पुढे आले. टांग्यात बसल्यावर विचारले, “माई, दर्शन झालं?” माईंनी कुंकवाची हकिकत सांगितली. दादा मोठ्याने हसले, मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “पुढच्या वेळी मलाही न्या म्हणावं.”

हे इथवर लिहून झाले आणि काल दुपारी आळीतल्या बायका पुन्हा आल्या. मी नेहमीसारखी आत सुपारी कातरत होते. बाहेर माई दूधसागर सांगत होत्या, हात वर करून, माथ्यापासून खालपर्यंत, माझ्याच शब्दांत.

“शेंड्यापासून चुडतं सुटावीत ना, तसं पाणी,” माई म्हणाल्या.

कोणीतरी फसकन हसले. “चुडतं म्हणजे काय हो, माई?”

“चुडत ठाऊक नाही?” माई म्हणाल्या. “पाण्याला दुसरा शब्दच लागू पडत नाही तिथे. मी पाहिलंय.”

कोणी पुन्हा हसले नाही. मी सुपारीचे तबक घेतले आणि बाहेर जाऊन माईंच्या शेजारी बसले.